उन्हावर घातलेला मांडव

आमच्या सोसायटीच्या फलकावर गेल्या नोव्हेंबरपासून एक सूचना आहे. ‘पार्किंगमध्ये घरे उभी करू नयेत.’ खाली अध्यक्षांची सही. एवढ्या मोठ्या सोसायटीत पार्किंगमध्ये घर उभं केलेला माणूस मी एकटाच असल्यामुळे सूचना कोणासाठी आहे हे विचारायला मी गेलो नाही. फक्त खाली पेनानं लिहिलं, ‘वाचले. शरच्चंद्र, बी ३०४.’

ते घर म्हणजे जीपच्या मागे जोडायचा दोन चाकांचा ट्रेलर, चौदा फूट लांब आणि सात फूट रुंद. वारज्यात हायवेच्या कडेला एका फॅब्रिकेशनवाल्याच्या शेडमध्ये मी तो आठ महिने खपून तयार केला. सांगाडा त्याचा, बाकी सगळं माझं. हडपसरच्या कारखान्यात पस्तीस वर्षं टूलरूममध्ये काढल्यावर दुसऱ्याच्या कामावर विश्वास ठेवायची सवय राहत नाही. आत एक रुंद पलंग, छोटा ओटा, त्याहून छोटा फ्रीज आणि एक पंखा. छपरावर सोलरची तीन पॅनेलं, पलंगाखाली बॅटरी. आणि पलंगाच्या उशाशी चार स्क्रूंनी पक्कं बसवलेलं ऑक्सिजनचं मशीन. सगळा खटाटोप त्या मशीनसाठी होता.

पूर्णिमाची, म्हणजे माझ्या बायकोची, फुप्फुसं तीन वर्षांपासून हळूहळू कडक होत चालली आहेत. मशीन हवेतून ऑक्सिजन गाळतं आणि नळीतून तिच्या नाकाशी पोचवतं. नळी पंधरा मीटरची. ती स्वयंपाकघरापर्यंत पोचते, बाल्कनीतल्या कुंड्यांपर्यंत पोचते, जिन्यापर्यंत पोचत नाही. तरुणपणी मांजरीहून हडपसरला रोज सायकल मारत कामावर येणाऱ्या बाईला आता बिल्डिंगच्या खाली उतरायचं तर हातात सिलिंडर लागतो, आणि तो अडीच तासांत संपतो. ती याबद्दल तक्रार करत नाही. ते खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे.

मांजरी हे तिचं माहेर. आमच्या वारज्यापासून पंचवीस किलोमीटर. तिथं तिची आई, मुक्ताबाई, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून त्या ओसरीवरच्या खाटेवरच असतात, गाडीत बसणं त्यांना शक्य नाही. एक नळीला बांधलेली आणि दुसरी खाटेला. व्हिडिओ कॉलवर सासूबाई फोन असा धरतात की आम्हाला बहुतेक वेळ त्यांचं छतच दिसतं. पूर्णिमा त्या छताशी तासन्‌तास बोलते.

दीड वर्षापूर्वीच्या दिवाळीत आम्ही मशीन घेऊन मांजरीला मुक्कामाला गेलो होतो. संध्याकाळी वीज गेली. ती सहा तास आली नाही. सोबतचा सिलिंडर संपला आणि पूर्णिमाला ॲम्ब्युलन्समधून दवाखान्यात न्यावं लागलं. त्या दवाखान्याच्या बाहेर मी तिच्या भावाला, हिंदुरावांना, चार लोकांसमोर म्हणालो, “आपल्या घरात माझी बायको गेली असती. पुन्हा तिला इथं मुक्कामाला धाडणार नाही.” हिंदुराव सत्तरीचे गृहस्थ. त्यांनी मान खाली घातली. तसे आम्ही दोघं लग्नापासूनच एकमेकांशी जपून बोलतो, त्यानंतर तेवढंही उरलं नाही.

मध्यंतरी एकदा दोन सिलिंडर घेऊन भेटून आलो. जाण्यायेण्यातच इतका वेळ गेला की तिथं बसायला चाळीस मिनिटं मिळाली, आणि त्यातली तीस मी घड्याळ पाहण्यात घालवली. परत येताना पूर्णिमा जीपमध्ये म्हणाली, “मला आईशेजारी एक रात्र झोपायचंय हो. एकच.” बाकी काही मागितलं नाही तिनं. दुसऱ्या दिवशी मी फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. पलंग पाच फूट रुंद करायला सांगितला, तो त्या दोघी मायलेकींसाठी. मी बाहेर कुठंही पडलो असतो.

हिशेब सरळ होता. संध्याकाळी बॅटरी ऐंशी टक्के असली की रात्रभर मशीन चालून वीस टक्के शिल्लक राहतात. त्या वीस टक्क्यांना हात लावायचा नाही हा माझा नियम. डॉक्टरांना मी कागदावर सगळं दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, “ऐंशीच्या खाली असेल तर मात्र मुक्काम करू नका. सरळ घरी या.” मी म्हणालो, असं होणारच नाही. एप्रिलच्या उन्हात पुण्याच्या आसपास सूर्य कमी पडला, असं अजून तरी कोणी ऐकलेलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी रंगीत तालीम म्हणून पार्किंगमध्ये दिवसभर मशीन चालवून पाहिलं. पार्किंग तळघरात. तिथं ऊन कुठलं? त्यामुळे शनिवारी साडेअकराला आम्ही मांजरीला पोचलो तेव्हा बॅटरी बासष्टवर होती. मला त्याची काळजी नव्हती. पुढचे पाच तास लख्ख ऊन मिळणार होतं.

हिंदुराव फाटकाशीच उभे होते, हातात वायरचं वेटोळं घेऊन. “पाव्हणं, लाइट हाय आत्ता. लावू का वायर?”

“नको,” मी म्हणालो. “आपल्या विजेचा अनुभव आहे आम्हाला.”

पूर्णिमानं माझ्याकडे पाहिलं. हिंदुरावांनी वायर गुंडाळून पुन्हा खांद्यावर टाकली. ही गाडी कशावर चालते, छपरावर काय आहे, हे त्यांना नीट समजावून सांगायला मला पाच मिनिटं लागली असती. ती मी दिली नाहीत.

ट्रेलर अंगणात ओसरीला लागून उभा केला. त्यांच्या शेतावर राहणाऱ्या यवतमाळकडच्या शंभूनं फोनवर मला टेपनं अंतर मोजून सांगितलं होतं. खिडकीतून काढलेली नळी खाटेपर्यंत पोचून दीड मीटर उरत होती. पूर्णिमा उतरली, नळी सावरत ओसरीच्या तीन पायऱ्या चढली, प्रत्येक पायरीवर थांबून, आणि आईच्या खाटेवर बसली. मुक्ताबाईंनी आधी तिच्या तोंडावरून हात फिरवला, मग हात नळीवर आला.

“ही काय गं दोरी?”

“श्वासाची आहे आई.”

“कुठवर जाती?”

“त्या माझ्या घरात,” पूर्णिमा ट्रेलरकडे बोट दाखवून म्हणाली.

म्हातारीनं मान वळवून ट्रेलरकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. “घर घिऊन आली माझी पुनी,” त्या म्हणाल्या. मी तिथून हललो, कारण मला रडताना कोणी पाहिलेलं चालत नाही.

बाजरीची भाकरी, भरलेली वांगी आणि आमरस असं जेवण झालं. साडेबाराला हिंदुराव आंब्याची आणखी एक पेटी आणायला हडपसरला गेले. मी आतल्या खोलीत आडवा झालो. माझं बालपण शनिवार पेठेत गेलं आहे. दुपारी जेवल्यावर मला उठवायचं नाही, हे लग्नानंतर वर्षाच्या आत मांजरीतल्या कुत्र्यांनासुद्धा कळलं होतं. पॅनेलं दिवसातली सगळ्यात जास्त वीज नेमकी त्याच तासांत करतात. त्यांनी काम करावं आणि मी झोपावं, याला मी उत्तम नियोजन समजत होतो.

पंखा बंद पडल्यामुळे जाग आली. पावणेचार झाले होते. वीज गेली होती, नेहमीप्रमाणे. आपल्याला काय त्याचं, असं म्हणत मी बाहेर आलो.

अंगणात सावली होती. गार, सळसळती, सुखाची सावली. ट्रेलरच्या चारही बाजूंना नवे वासे रोवले होते, वर बांबू आडवे टाकून उसाचं पाचट हातभर जाड पसरलं होतं, आणि कडेनं आंब्याचे डहाळे बांधले होते. ट्रेलरच्या छपरावर उन्हाचा कवडसासुद्धा पडत नव्हता. मी आत जाऊन बॅटरीचा आकडा पाहिला. एक्केचाळीस.

नेमके त्याच वेळी हिंदुराव आंब्याची पेटी डोक्यावर घेऊन फाटकातून आत आले. मी त्यांना पेटीसुद्धा खाली ठेवू दिली नाही.

“वा, हिंदुराव,” मी म्हणालो, आणि माझा आवाज शेजारच्या वस्तीपर्यंत गेला असणार. “दिवाळीत आपण वीज घालवलीत. आता ऊन राहिलं होतं, तेही घालवलंत! छपरावर पॅनेलं आहेत, त्यांना ऊन लागतं, एवढंसुद्धा कळू नये? संपला मुक्काम. आता जाऊ वारज्याला. पुन्हा छताशी गप्पा मारत बसेल ती.”

हिंदुरावांनी पेटी खाली ठेवली. एकदा मांडवाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं की त्यांनीही तो मांडव आत्ताच पाहिला आहे. पूर्णिमा खाटेवरून “अहो, हळू” म्हणाली आणि तिला खोकल्याची उबळ आली.

“त्याला कशापायी बोलता, जावईबापू?” खाटेवरून मुक्ताबाईंचा आवाज आला. “मांडव म्या घातलाय. शंभूकडनं.”

शंभू वाशाला टेकून उभा होता. “मी म्हणलो होतो साहेब, वरती काचा आहेत म्हणून. आजी म्हणल्या, काचा तापतात, झाक बरं. ताई झोपल्या होत्या. तुम्हीबी झोपले होते.”

“आपण तरी का हो, आई?” मी विचारलं. आवाज खाली आला होता, राग मात्र उतरला नव्हता.

मुक्ताबाईंना एका दमात फार बोलता येत नाही. त्या थांबत थांबत बोलल्या. “तुमच्या लग्नाला मांडव न्हवता. हिच्या आबांनी घालू दिला न्हाई. पोरीनं हापिसात सही केली आन्‌ गेली. माझ्या दारात माझ्या लेकीचा मांडव पडला न्हाई. आज ती घर घिऊन दारात आली. म्हनलं, आता तरी घालावा. मला काय ठावं, त्येला ऊन लागतंय.” मग त्यांनी हात हलवला. “काढा तुमी. श्वास मोठा हाय. शंभू, सोड रे दोऱ्या.”

शंभू शिडीकडे गेला. पूर्णिमा वर डहाळ्यांकडे पाहत होती. एक्केचाळीस वर्षांपूर्वी सही करून नोंदणी कार्यालयाच्या बाहेर आल्यावर रस्त्यावर उभं राहून तिनं मला विचारलं होतं, “झालं?” मी तेव्हा तिला चेष्टेनं म्हणालो होतो की आणखी काय हवं, घोडा? ती हसली होती. तिला काय हवं होतं ते मला आता, अडुसष्टाव्या वर्षी, सासूच्या अंगणात उभा असताना कळलं. आणि मला माझीच इतकी लाज वाटली की राग कुठं गेला ते समजलं नाही.

“शंभू, खाली उतर,” मी म्हणालो. “मांडवाला हात लावायचा नाही.”

“अहो, दादाची वायर लावू या की,” पूर्णिमा म्हणाली.

“लाइट न्हाई, पुनी,” हिंदुराव म्हणाले. “डीपीवर काम काढलंय म्हनं. रातच्याला दहा वाजंस्तवर यायची न्हाई.”

ट्रेलर बाहेर ओढायचा तर पुढचे दोन वासे उपटावे लागले असते, म्हणजे मांडव मोडलाच. उरली पॅनेलं. मी ती छपराला अशा तऱ्हेनं बसवली होती की वादळातसुद्धा हलणार नाहीत. फॅब्रिकेशनवाला म्हणाला होता, काका, कधी काढायची झाली तर? मी म्हणालो होतो, कशाला काढायचीत? आता मी खिशात तेरा नंबरचा पाना घातला आणि शिडी चढलो.

छप्पर आणि पाचट यांच्यामध्ये दोन हात जागा होती. त्यात पोटावर सरपटत मी बारा नट काढले. पाचट कानात गेलं, बनियनमध्ये गेलं. खालून हिंदुराव विचारत होते, “हाय न्हवं जिवंत?” आणि मी वरून उत्तर देत होतो, “आपली कृपा.” तोपर्यंत पूर्णिमाला मी सिलिंडरवर घेतलं होतं आणि मशीन, फ्रीज, पंखा सगळं बंद केलं होतं, म्हणजे येईल ती वीज पूर्ण बॅटरीत जाईल. असे दोन सिलिंडर होते. एक आत्तासाठी. दुसरा परतीच्या वाटेसाठी, मुक्काम झाला नाही तर.

तिन्ही पॅनेलं आम्ही तिघांनी अंगणापलीकडच्या मोकळ्या वावरात नेली. ऊस तुटून गेलेला, वर उघडं आभाळ. लांब वायरचं एक बंडल मी ‘असू द्यावं’ म्हणून घेतलं होतं, ते पुरलं. ऊन आता तिरपं झालं होतं, पॅनेल जमिनीवर ठेवून भागणार नव्हतं. पॅनेलाचं तोंड सूर्याकडे हवं. एक बाजेला टेकवलं. दुसरं शंभूनं बैलगाडीच्या जुन्या चाकाला टेकवलं आणि ते घसरू नये म्हणून त्याच्यामागे उभा राहिला. तिसऱ्याला काहीच टेकू मिळेना.

“धरू आपन,” हिंदुराव म्हणाले.

मग आम्ही दोघं ढेकळांवर शेजारी शेजारी बसलो, पॅनेलाची एक कड त्यांच्या गुडघ्यावर आणि दुसरी माझ्या. सूर्य खाली सरकला की आम्हीही ते तेवढं वाकवायचो. दोन म्हातारे मावळतीच्या उन्हाला काच दाखवत बसलेत हे पाहून रस्त्यावरून जाणारा एकजण मोटरसायकल थांबवून बघत राहिला. मी त्याला म्हणालो, “तिकीट नाही, बघा खुशाल.” तो गेला.

पाच वाजले तेव्हा मी उठून आकडा पाहून आलो. बावन्न. परत येऊन माझी कड गुडघ्यावर घेतली.

“आईनं त्या साली वासं आनून ठिवलं हुतं,” हिंदुराव सूर्याकडे पाहत म्हणाले. “गोठ्याच्या मागं, लपवून. तिला वाटलं, आबा इरघळतील. न्हाई इरघळले. त्याच वाशांची आबांनी गुरांना दावण केली. मी बी काय बोललो न्हाई तवा. बोलाय पायजे हुतं.”

“आणि त्या दिवाळीत?” मी विचारलं. “वीज गेली तेव्हा आपण कुठं होता? मी सगळीकडे शोधलं होतं.”

“डीपीपाशी. वायरमनला त्येच्या घरनं उठवून आनला हुता, सनाचा. तीन तास त्येच्यापाशी उभा हुतो बॅटरी धरून. त्येच्या हातानं जमंना. मागं आलो तर तुमी अँबुलन्समदी बसला हुता.”

मला हे माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. दीड वर्ष मी या माणसाविषयी मनात जे धरून बसलो होतो ते सगळं माझ्या भीतीतून आलेलं होतं. त्या ॲम्ब्युलन्समध्ये पूर्णिमाची बोटं निळी पडली होती, आणि ती निळी बोटं कोणाच्या तरी माथी मारल्याशिवाय मला राहवलं नसतं. मी हे सगळं बोलून दाखवलं नाही. मला तेवढं बोलता येत नाही.

“चुकलं माझं,” मी म्हणालो. “तेव्हाही आणि आजही.”

हिंदुरावांनी पॅनेल जरा खाली वाकवलं, म्हणून मलाही वाकवावं लागलं. “बोललात त्ये बरं झालं. भन माझी हाय. तुमच्या जागी मी असतो तर हात उचलला असता.”

सहाला आकडा चौऱ्याहत्तर झाला. ऊन आता केशरी पडलं होतं आणि त्यात पहिल्यासारखा जोर नव्हता. पूर्णिमाच्या सिलिंडरचा काटा तांबड्या रेघेजवळ आला. ओसरीवरून ती आमच्याकडे पाहत होती, आईचा हात हातात धरून. मी तिला हातानं खूण केली, अजून थोडं. तिनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर कसलाही हट्ट नव्हता. जावं लागलं असतं तर ती निमूट जीपमध्ये बसली असती, हे मला ठाऊक होतं, आणि तेच मला सहन होत नव्हतं. मी पॅनेलाची कड इतकी घट्ट धरली होती की बोटांना वळ पडले.

साडेसहाला शंभू आकडा बघायला धावला. परत येताना तो चालत आला.

“किती रे?”

“ब्याऐंशी, साहेब.”

हिंदुरावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला. मग आम्ही मशीन सुरू केलं. त्याची ती ओळखीची घरघर अंगणात घुमू लागली, आणि पूर्णिमानं नळी नाकाशी लावून डोळे मिटले. एरवी त्या घरघरीचा मला वैताग येतो.

हिंदुरावांनी आईला दोन्ही हातांवर उचललं, ट्रेलरमधल्या पलंगावर ठेवायला. पण मांडवाखाली आल्यावर मुक्ताबाई म्हणाल्या, “थांब. मला इथं खुर्चीवर बसीव. आन्‌ तुमी दोघं उभं ऱ्हावा.”

“कोण दोघं, आई?” मी विचारलं.

“नवरानवरी. आनि कोन?”

सत्तरीकडे झुकलेली नवरी नळी सावरत माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं केस नीट केले. मी बनियनवर होतो, शर्ट आत राहिला होता, आणि अंगभर पाचटाचा चुरा. मुक्ताबाईंनी कनवटीला बांधून आणलेले तांदूळ काढले. मंगलाष्टकं कोणालाच येत नव्हती. शंभू एक ओळ म्हणायला गेला आणि अडला. म्हातारीनं तशाच अक्षता टाकल्या. हाताला जोर नव्हता, त्यामुळे अर्ध्या तिच्याच मांडीवर सांडल्या आणि उरलेल्या आमच्या पायांवर पडल्या. पूर्णिमा वाकली, मांडीवरच्या चार वेचल्या आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवल्या. मग एक माझ्या डोक्यावर ठेवली. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. मी तर केव्हाचा रडत होतो, आणि सगळे पाहत होते.

“हिंदू,” मुक्ताबाई म्हणाल्या, “तुझं राहिलंय बग. नवरीचा भाऊ हाईस न्हवं? पीळ त्येचा कान. आन्‌ मागून घे काय मागायचं त्ये. नवऱ्याला न्हाई म्हनता येत न्हाई.”

हिंदुराव लाजले. सत्तर वर्षांचा माणूस, लाजून त्यांनी टोपी मागं सारली. मग पुढं आले आणि त्यांनी माझा उजवा कान धरला. मला वाटलं, नावापुरता धरतील. त्यांनी तो असा पिळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. एक्केचाळीस वर्षं, एक दिवाळी आणि आजची दुपार, सगळं त्या पिळात होतं, आणि माझी काही तक्रार नव्हती. पूर्णिमा हसता हसता खोकली आणि खोकता खोकता हसली.

“मागा, काय हवं ते मागा,” मी कळवळून म्हणालो. खिशात हात घातला तर तेरा नंबरचा पाना.

“उद्याची रात बी ऱ्हावा,” हिंदुराव म्हणाले. “पुनीला ऱ्हाऊ द्या अजून. परवा जावा.”

माझ्या डोक्यात उद्या सकाळी नऊला निघायचं पक्कं होतं. सिलिंडर एकच भरलेला होता, डॉक्टरांना एकाच रात्रीचं सांगितलं होतं. मी तोंड उघडलं.

“ऊन उद्या बी हाय, पाव्हणं,” ते म्हणाले. “आन्‌ काच धराया मी हाय.”

पूर्णिमानं आईच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला होता आणि ती माझ्याकडे पाहत होती.

मी हो म्हणालो. कान अजून त्यांच्याच हातात होता.